रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरेच

मागील लेखात मधुमेही रुग्णांनी पायांची निगा कशी राखावी हे आपण पाहिले. तो लेख वाचून एका निवृत्त शिक्षकांनी पत्र पाठवले आहे. पथ्य पाळतो, गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी फिरायला जातो, तरीही गेले तीन महिने शुगर खाली येत नाही, याचे कारण काय, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या अगदी शेवटी, सही करता करता आठवले म्हणून लिहावी तशी एक ओळ आहे: धाकट्या भावाशी जमिनीवरून कोर्टात दावा सुरू आहे, त्यामुळे हल्ली झोप नाही. माझ्या मते त्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या ओळीतच आहे. आजचा लेख त्या शेवटच्या ओळीविषयी.

दवाखान्यात अशा शेवटच्या ओळी फार ऐकायला मिळतात. रुग्ण केसपेपर काढतो, नाडी दाखवतो, पोट दाखवतो, चिठ्ठी घेऊन उठतो आणि दाराशी गेल्यावर मागे वळून म्हणतो, "तसं काही नाही साहेब, पण पोरगं दोन महिने झाले फोन करत नाही." खरा केसपेपर तेथून सुरू होतो. पण तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

काही महिन्यांपूर्वी जवळच्या गावातील एक बाई आल्या. वय बेचाळीस. हातात कापडदुकानाची पिशवी आणि पिशवीत रिपोर्टांची चळत. पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीतून केलेली जठराची तपासणी, इसीजी, टू-डी इको, थायरॉइड, रक्त, लघवी. सगळे नॉर्मल. तक्रार अशी की पोटात गोळा उठतो, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, मान धरते. तीन ठिकाणी दाखवून झाले होते. एकाने गॅसेस म्हटले, दुसऱ्याने टेन्शन म्हटले, तिसऱ्याने "तुम्हाला काहीही झालेले नाही" म्हणून पाठवणी केली. बाई खुर्चीवर बसल्या आणि पहिलेच वाक्य बोलल्या, "समदं नॉर्मल हाय म्हणतेत. मग म्या काय सोंग करायले का?"

बाई सोंग करत नव्हत्या. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ जठराला व्रण नाही, हृदयाच्या झडपा ठीक आहेत, पित्ताशयात खडे नाहीत, एवढाच. दुखत नाही असा त्याचा अर्थ नाही. भोंगा अडकून सारखा वाजणाऱ्या गाडीचे इंजिन उघडून पाहिले तर त्यात बिघाड सापडणार नाही, पण भोंगा वाजतोय हे खोटे कसे म्हणणार?

मनाचा आणि शरीराचा हा संबंध आपल्या भाषेला डॉक्टरांच्या कितीतरी आधी ठाऊक आहे. भीती वाटली की आपल्या तोंडचे पाणी पळते, काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, हातापायांतले बळ जाते, अंगावर काटा येतो, दरदरून घाम फुटतो. हे नुसते वाक्प्रचार नव्हेत. शरीरशास्त्राच्या पुस्तकातले एक पानच आपल्या आजीने तोंडपाठ केले होते म्हणा ना! त्यातील प्रत्येक गोष्ट शरीरात अक्षरशः घडते.

कशी घडते ते पाहू. समजा, गल्लीतून जाताना समोरून उधळलेला बैल आला. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला ही खबर विचार करण्याच्या आधीच मिळते. तेथून निघालेला संदेश मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींकडे जातो. त्या अ‍ॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास जलद होतो, यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात ओतते, स्नायू ताठ होतात. पळायचे असेल किंवा दोन हात करायचे असतील तर हे सर्व हवेच. उलट अन्न पचवणे हे त्या क्षणी बिनमहत्त्वाचे काम, म्हणून आतड्यांकडचे रक्त कमी केले जाते, लाळ आटते. तोंडचे पाणी पळते ते असे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी हे मांजरांवर पाहिले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर लगेचच, कॅनन विद्यार्थी असताना, ते मांजराला औषध मिसळलेले अन्न भरवून क्ष-किरणांत तिच्या जठराची हालचाल पाहत. मांजर बिथरले की जठर जागच्या जागी थांबायचे. तिला गोंजारून शांत केले की पुन्हा हलू लागायचे. पुढे १९१५ साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिले.

त्याहूनही जुनी एक हकीकत मला फार आवडते. १८२२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील एका बेटावरच्या दुकानात अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या पोटात अगदी जवळून बंदुकीचा बार उडाला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना वाटले, हा रात्र काढत नाही. तो जगला. मात्र जठराला पडलेले भोक बुजले नाही. त्याची कडा पोटाच्या कातडीला जुळून गेली आणि माणसाच्या जठरात डोकावायला एक खिडकीच तयार झाली. बोमाँट यांनी तिचा लाभ घेऊन काही वर्षे प्रयोग केले आणि १८३३ साली ते प्रसिद्ध केले. दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून आत सोडायचा आणि तो किती वेळात पचतो ते पाहायचे! सेंट मार्टिनला या प्रकाराचा राग येई, आणि येणारच. पण त्यातूनच बोमाँट यांच्या लक्षात आले की तो चिडलेला असला की जठराच्या आतल्या अस्तराचे रूप बदलते आणि पचन मंदावते. 'रागाने जेवला तर अंगी लागत नाही' हे आपल्याकडे प्रत्येक घरात म्हणतात. बोमाँट यांनी ते डोळ्यांनी पाहिले.

बैल निघून गेला की ही सगळी यंत्रणा पंधरा-वीस मिनिटांत पूर्ववत होते. निसर्गाने ती तेवढ्यासाठीच दिली आहे. अडचण अशी की हल्ली आपल्यामागे बैल लागत नाहीत. बँकेची नोटीस लागते, मुलीच्या लग्नाची काळजी लागते, पोराच्या नीटच्या मार्कांची लागते, आणि ही दहा मिनिटांत निघून जात नाहीत. रोज उठून दारात उभी असतात. शरीराला बैल आणि नोटीस यांतला फरक कळत नाही. ते दोन्हींसाठी तीच तयारी करते, आणि नोटिशीपासून पळून कोठे जाणार? साखर रक्तात उतरली, ती वापरली जात नाही. स्नायू ताठले, ते सैल होत नाहीत. संध्याकाळी मान आणि डोक्याचा मागचा भाग दुखतो तो यामुळे.

अशा लांबलेल्या ताणात त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे दुसरे द्रव्य जास्त पाझरत राहते. माँट्रियलचे हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की त्रास कोणत्याही प्रकारचा असो, थंडीचा, जखमेचा की विषाचा, तो लांबला की शरीरात ठरावीक बदल होतात. या ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी आकसते, जठरात व्रण पडतात. आज आपण येता-जाता 'स्ट्रेस' म्हणतो, तो शब्द वैद्यकात रूढ करण्याचे श्रेय सेली यांचेच.

आता आपल्या शिक्षकांच्या शुगरकडे वळू. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन ही दोन्ही द्रव्ये इन्सुलिनच्या कामात आडवी येतात. यकृतातून साखर सुटत राहते आणि पेशी ती नीट घेत नाहीत. निरोगी माणसाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेते. मधुमेह्याकडे तेवढी शिल्लक नसते. लग्नघरातील वधूपित्याची शुगर वाढते तेव्हा सगळे बुंदीच्या लाडवाला बोल लावतात. लाडू निर्दोष असतो असे मी म्हणणार नाही, पण लग्न ठरल्यापासून न लागलेली झोप, चुकलेल्या जेवणाच्या वेळा आणि पैशांची जुळवाजुळव यांचाही त्यात मोठा वाटा असतो. पत्र पाठवणाऱ्या गुरुजींनी गोळ्या मनाने वाढवू नयेत. दाव्याची हकीकत आपल्या डॉक्टरांना सांगावी, तीन महिन्यांच्या सरासरीची म्हणजे एचबीए१सीची तपासणी करून घ्यावी, आणि झोपेचा बंदोबस्त आधी करावा. दावा काय, आपल्याकडे वीस वर्षेही चालतो. तोवर शरीराला थांबवून ठेवता येत नाही.

जखमा भरण्यावरही मनाचा परिणाम होतो, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. अमेरिकेत १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घरातील स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या तेरा स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच लहान जखम केली. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सर्व करणारी सून आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्या सारख्या होणाऱ्या सर्दीकडे आणि न भरणाऱ्या भेगांकडे या नजरेने पाहिले पाहिजे.

हृदयाची गोष्ट थोडी अधिक गंभीर आहे. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ मोठा भूकंप झाला. त्या परिसरात हृदयविकाराने अचानक मरण पावणाऱ्यांची संख्या आधीच्या आठवड्यात दिवसाला सरासरी चार-पाच होती, ती भूकंपाच्या दिवशी चोवीसवर गेली. आपल्या भागातील वाचकांना त्याआधीची, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट सांगायला नको. मी तेव्हा इंटर्न होतो. नंतर दवाखाना सुरू केल्यावरही कित्येक वर्षे मला असे रुग्ण भेटत की रात्री पत्र्यावर मांजराने उडी मारली तरी ते अंगणात धावत येत आणि मग सकाळपर्यंत छातीची धडधड थांबत नसे. मनाने ऐकलेला आवाज शरीर विसरत नाही.

जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास एका विकाराचे वर्णन केले. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारखा जबर धक्का बसल्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक एकाएकी फुग्यासारखे फुगते आणि नीट आकुंचन पावत नाही. चित्रात तो आकार तेथील कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचे 'ताकोत्सुबो' हे नाव विकाराला मिळाले. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त दिसतो. सुदैवाने वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. 'तिने हाय खाल्ली' असे आपण म्हणतो ते उगीच नव्हे. आणि रोजच्या ताणाचे म्हणाल तर मूळचे केरळचे डॉ. सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली भारतासह बावन्न देशांत झालेला मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराच्या झटक्यामागची नऊ प्रमुख कारणे निघाली. धूम्रपान, कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि रक्तदाब यांच्या पंक्तीला मानसिक-सामाजिक ताणही बसलेला आहे.

इतके सांगितल्यावर उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर उद्यापासून प्रत्येक दुखणे टेन्शनच्या खात्यावर जमा होईल. आम्ही शिकत होतो तेव्हाही जठराच्या व्रणाची तीन कारणे 'हरी, वरी आणि करी' अशी गमतीने सांगत: घाई, काळजी आणि तिखट. पुढे कळले की यातील पुष्कळ व्रणांच्या मुळाशी एक जिवाणू असतो. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ साली तो शोधला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या रोगाला उभी हयात 'काळजी करू नका' हे औषध होते, तो आता दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरा होतो. म्हणून टेन्शन हे निदान कधीही पहिले नसावे. छातीत दडपण आले, घाम सुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर घरी नुकतेच भांडण झालेले असले तरी आधी इसीजी. १०८ ला फोन करा, टेन्शनचा विचार नंतर. बायकांच्या थकव्याचेही तसेच. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. धाप, धडधड, चिडचिड ही रक्तक्षयाचीही लक्षणे आहेत आणि थायरॉइडच्या विकाराचीही. तिला 'मनाला लावून घेते' म्हणणाऱ्या घराने आधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे.

पिशवीवाल्या बाईंच्या या तपासण्या झालेल्या होत्या, हिमोग्लोबिनही साडेबारा होते. त्यामुळे मला पुढचा प्रश्न विचारायला मोकळीक होती. मात्र उत्तरे शेजारी बसलेला नवरा देत होता. नवरा वाईट नव्हता, पण पोटात कधी दुखते हेसुद्धा तोच सांगत होता. मी त्याला पुढच्या मेडिकलमधून थर्मामीटर आणायला पाठवले (थर्मामीटर माझ्या टेबलावरच होता) आणि बाईंना विचारले, झोप कशी आहे? मग दहा मिनिटे त्या बोलत होत्या. सोयाबीन दोन वर्षे पाण्यात, थोरल्या मुलीचे जमलेले लग्न हुंड्यावर अडलेले, घरात बोलायची सोय नाही. रडून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "एक सलाईन लावा."

सलाईनविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. आपल्याकडे अंगात कसकस आली, गळून गेल्यासारखे वाटले की 'ताकदीची सलाईन' लावून घेण्याची पद्धत आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. म्हणजे सुमारे पाच चमचे. शंभर कॅलरीसुद्धा भरत नाहीत. दोन केळ्यांत याहून जास्त ताकद मिळते. तरीही सलाईन घेतलेल्या बाई टवटवीत होऊन घरी जातात, हे मी तीस वर्षे पाहतो आहे, आणि त्याचे कारण बाटलीत नाही. दोन तास त्या खाटेवर आडव्या पडतात. कोणी चहा मागत नाही, कोणी हाक मारत नाही. नवरा किंवा बहीण उशाशी बसून असते, कपाळावर हात ठेवते, 'बरं वाटतंय का' असे विचारते. वर्षभरात त्यांच्या वाट्याला आलेले हे पहिलेच दोन तास असतात. तेवढेच दोन तास घरात मिळाले तर सुईची, खर्चाची आणि जंतुसंसर्गाच्या धोक्याची गरज उरणार नाही. मी नवऱ्याला हे असेच्या असे सांगितले. त्याला थोडा राग आला. पण पुढच्या खेपेला बाई एकट्या आल्या नाहीत, मुलीला घेऊन आल्या, आणि पिशवी आणली नव्हती.

पुरुषांची तऱ्हा वेगळी. ते सलाईन मागत नाहीत, तंबाखू मळतात. टेन्शनवर तंबाखू हा इलाज नाही. निकोटीन नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवते. जो आराम वाटतो तो तलफ भागल्याचा असतो, आणि तलफ तंबाखूनेच लावलेली असते. दारूने झोप लागते खरी, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते आणि पहाटे तीनला माणूस टक्क जागा होतो. पहाटेचे तीन ही काळजीची सर्वांत वाईट वेळ.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. ताण आणि नैराश्य यांत फरक आहे. ताणाखालचा माणूस कारण दूर झाले की सावरतो. नैराश्य हा आजार आहे, आणि आपल्याकडे तो पुष्कळदा 'मला उदास वाटते' असे म्हणत येत नाही. पाठदुखी, डोकेदुखी, भूक मरणे, अंग जड होणे असे रूप घेऊन येतो. साठीच्या आसपासचे एक शेतकरी माझ्याकडे दोन महिन्यांत चार वेळा पाठदुखीसाठी आले. क्ष-किरण चित्रात वयाला शोभेल इतकीच झीज होती. चौथ्या वेळी सून बरोबर होती. ती म्हणाली, "मामा आता पारावर जात नाहीत. भिंतीकडं तोंड करून बसतात. चारला उठून बसलेले असतात." मी त्यांना सरळ विचारले, "बाबा, जगू नये असं मनात येतं का?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येतं. रोज येतं."

हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. विचारल्याने माणसाला हलके वाटते, कारण ती गोष्ट बोलायला त्याला कोणी जागाच दिलेली नसते. त्या दिवशी पहिले काम म्हणजे गोठ्यातील फवारणीच्या औषधाचे डबे मुलाने उचलून घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवले. हे किरकोळ वाटेल, पण आत्महत्येचा झटका बऱ्याचदा काही मिनिटांचा असतो आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. श्रीलंकेने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. ज्या घरात कोणी असे गप्प झाले असेल त्या घरात औषधाचा डबा आजच हलवावा.

बाबांना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांबद्दल गैरसमज फार. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, तशी नैराश्यावरील गोळ्यांची तलफ लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात 'फरक नाही' म्हणून लोक त्या सोडतात. बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करतानाही डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्या लागतात. सहाव्या आठवड्यात बाबा आले. पाठीचे विचारले तर म्हणाले, "ती आहेच की. पण आता तिच्याकडं ध्यान जात नाही." पारावर जायला लागले होते.

कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलिसांच्या भीतीने घरचे लोक रुग्णाला लपवतात, उशिरा आणतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते. त्याच्यावर खटला भरण्याऐवजी त्याला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी ठरते. विष पोटात गेल्यावरचा एकेक मिनिट मोलाचा असतो. तो भीतीपोटी घालवू नये.

रोजच्या ताणासाठी काय करावे, असे विचाराल तर माझ्याकडे गुपित काही नाही. रोज अर्धा तास भरभर चालावे, कारण शरीराने पळण्यासाठी जी साखर आणि जो जोर तयार केला तो वापरून टाकण्याचा तोच सरळ मार्ग. धडधड सुरू झाली की श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा, मिनिटाला सहाच्या बेताने, पाच मिनिटे. श्वास सोडताना हृदयाचा ठोका मंदावतो, हे नाडीवर बोट ठेवून कोणालाही पाहता येईल. रात्री मोबाइल उशाखाली नको. रक्तदाब मोजायला आलात तर जिना चढून आल्याबरोबर हात पुढे करू नका, पाच मिनिटे टेकून बसा.

आणि घरच्यांनी 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य बंद करावे. टेन्शन कोणी दुकानातून विकत घेत नाही. त्याऐवजी 'काय झालंय, सांग' म्हणावे आणि मग मध्ये बोलू नये. सल्ला दिलाच पाहिजे असे नाही.

झोप, भूक, कामातील रस ही तिन्ही दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली असतील, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे असेल, तर मात्र चालणे आणि श्वास यांवर थांबू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून तेथे दाखवता येते. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. पहाटे तीनच्या सुमारास जागे असणाऱ्यांनी हा क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवावा.

झोपेच्या गोळ्या किती दिवस घ्याव्यात आणि सोडायच्या कशा, असे तीन-चार वाचकांनी विचारले आहे. तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही, पुढील गुरुवारी पाहू. तोवर चालू असलेली गोळी कोणीही एकदम बंद करू नये.